शिवलेलं बोट

"चेंडू दाबायला कुणी सांगितलं? शिवलेलं बोट दुसऱ्या हातानंच वाकवायचं, असं बजावलं होतं ना?" डॉक्टरबाई माझ्यावर तापल्या.

"कुणी नाही. मीच दाबला."

खोटं होतं. काचेच्या दुकानात काम करताना बोट कापलं, ते वाकवणारी आतली दोरी तुटली. ती बाईंनी शिवली. चेंडू पप्पांनी आणला. ते पॉवरलूमवर कामाला. मशीन बंद ठेवलं की गंजतं, एवढंच त्यांना ठाऊक. रोज जेवणानंतर शेजारी बसून म्हणायचे, "दाब रे, अजून जरा." काल दाबताना आत टुक् झालं आणि बोट लुळं पडलं.

"शाळा सोडलीस, आता बोटपण घालव," बाई म्हणाल्या. तोंडात आलेली शिवी मी गिळली. पप्पा कबूल करायला पुढं सरकले, तेव्हा त्यांच्याकडं असं बघितलं की ते थांबलेच.

"परत शिवते. पण वाकेलच असं नाही."

पप्पा मला ऑपरेशनचा झगा घालायला लागले. आयुष्यभर सुताच्या गाठी मारलेल्या माणसाला माझ्या पाठीवरची नाडी बांधता येईना.

"राहू द्या पप्पा, उघडीच ठेवा. नर्स हाक मारतीय, मला जायचंय आता."