बिडाची की पोलादाची

"एकट्यासाठी आग पेटवली, तर लाकूड रुसतं," ओझेली म्हणायची. ती जाऊन नऊ हिवाळे झाले. नवऱ्याच्या, ओनेझिमच्या, कानातून मात्र ते बोल हलले नव्हते.

बाहेर गाडी थांबली. गुरुवार होता. शेगड्यांच्या दुकानातली कोरीन आली.

होड्या बांधायच्या शेडमध्ये ओनेझिमने सकाळीच अर्धवट बांधलेली होडी पूर्वेच्या भिंतीशी ढकलली होती. म्हणजे शेगडीची जागा पुन्हा मोजणं आलं.

"परत हलवलीत?" कोरीन दारातूनच म्हणाली.

"इकडे उजेड बरा पडतो."

"मागच्या गुरुवारी पश्चिमेला बरा पडत होता, म्हातारबा."

तिने टेप काढली. शेडची साठ फूट लांबी, तीस फूट रुंदी, छत सोळा फुटांवर. जुनी शेगडी तडकली तेव्हापासून, म्हणजे एप्रिलपासून, आकडे तेच होते. तिने ते प्लायवुडच्या तुकड्यावर पेन्सिलीने लिहिले. पूर्वी ती दुकानाच्या ट्रकमधून रंगीत चित्रांच्या चोपड्या आणायची. हल्ली आपल्या जुन्या गाडीतून रिकाम्या हाताने येई. असल्या गिऱ्हाइकावर दुकान तरी किती खर्च करणार, असं ओनेझिमच्या मनात येई आणि मान खाली जाई.

"बिडाची सावकाश तापते, पण विझल्यावरही ऊब सोडत नाही," ती म्हणाली. "पोलादी चटकन तापते, चटकन निवते."

"तुमचा नवरा कुठल्या जातीचा होता?"

"पोलादी. तापायचा लवकर. गेलाही लवकर."

दोघं हसली. साठ फुटांच्या त्या शेडमध्ये हसू घुमलं आणि विरलं.

त्याने प्लॉय वाढली, एकाच बाजूने भाजलेली जाळीदार पिवळी घावनं. तिने लोणी लावून गुंडाळी केली. तोंडातून वाफ निघत होती, घासाची आणि थंडीचीही.

"धुराडं सरळ छतातून काढू की भिंतीतून?" तिने विचारलं.

"बघू. घाई काय आहे?"

"काहीच नाही," ती म्हणाली.

घाई होती. तीन होड्यांचं रोगण गारठ्याने वाळत नव्हतं. मुलाने फोनवर बजावलं होतं, "बाबा, पहिला बर्फ पडायच्या आत शेगडी बसली नाही, तर शेडला कुलूप लावायचं आणि फ्लोरिडाला माझ्याकडे यायचं." आणि शेगडी बसली, की गुरुवार संपले.

ओनेझिमने त्यातल्या एका होडीच्या काठाला बोट लावलं. रोगणावर ठसा उमटला, चिकट, ओला. खिडकीबाहेर नदीच्या कडेला काचेसारखा पातळ बर्फ धरला होता. चौदा दिवसांपूर्वीचं रोगण. चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं.

त्याने बोट चिंधीला पुसलं. बराच वेळ पुसत राहिला.

"बाई, एक सांगायचंय."

"सांगा की."

"शेगडी मी एप्रिलातच ठरवली होती. बिडाची, सगळ्यात मोठी. तुम्ही येत राहावं म्हणून होडी इकडून तिकडे करत बसलो. तीस मैलांचे हेलपाटे मारायला लावले तुम्हाला. लबाडी केली. आज मात्र पावती फाडा."

कोरीनने टेप हळूहळू आत जाऊ दिली. शेवटची पट्टी खट्कन मिटली. ती त्याच्याकडे न बघता प्लायवुडवरचे आकडे अंगठ्याने पुसू लागली.

"पावती कुठून फाडू, ओनेझिम?" ती म्हणाली. "दुकान मे महिन्यातच बंद झालं."