टिंब नावाची माणसं

"एकच पेशंट घेऊन बघते," नोंदणीच्या बाई खुर्ची पुढे ओढत म्हणाल्या. "तुमचा फॉर्म अडला की मी वही काढणार. आणि उद्यापासून आपला जुनाच फॉर्म बरा. मोठ्या डॉक्टरांशी बोलणं झालंय माझं."

खुर्चीमागे उभ्या प्रोग्रामरने मान हलवली.

जुना फॉर्म कुणी केलेला नव्हता. तो आपोआप झाला होता. जावा या संगणकभाषेतल्या प्रोग्रामने डेटाबेसमधला पेशंटचा तक्ता पाहिला आणि त्यात जेवढे रकाने दिसले, तेवढ्या चौकटी पडद्यावर मांडून टाकल्या. एकूण एकेचाळीस, आणि बहुतेक सक्तीच्या. खिडकीशी माणूस कळवळत असताना त्याच्या आजोळचा पत्ता कोण विचारणार? बाई प्रत्येक चौकटीत एक टिंब देत आणि पुढे जात. तीन वर्षांत टिंब नावाचे अकरा हजार लोक या दवाखान्यातून बरे होऊन घरी गेले होते.

तीन आठवडे खपून प्रोग्रामरने नवा फॉर्म स्वतः रचला होता. वर एकच मोठी चौकट: काय होतंय? नाव, पत्ता वगैरे मंडळी खाली, सवडीने.

दार ढकलून दोघे जण आत आले. मधे एक म्हातारा, दोघांच्या खांद्यांवर लोंबकळत.

"शिडीवरून पडले," एक जण म्हणाला. "सपशेल पाठीवर."

बाईंनी टाइप केलं. "नाव?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"काका."

"काका तुमचे. त्यांना स्वतःचं काही असेल की!"

"वीस वर्षं शेजार आहे हो, पण अख्खी इमारत काकाच म्हणते. काका, नाव काय तुमचं?"

काकांनी कण्हून दाखवलं.

बाईंचा हात खणाकडे गेला. खणात वही होती.

"बाई, ती चौकट रिकामी सोडा," प्रोग्रामर घाईने म्हणाला.

"रिकामी?" त्याने पेशंटलाच रस्त्यात सोडायला सांगितल्यासारखं बाईंनी वळून पाहिलं. "चालतं?"

"चालायला हवं," तो म्हणाला. कालपर्यंत तो छातीठोकपणे 'चालतं' म्हणत होता.

बाईंनी सेव्हचं बटण दाबलं. पडद्यावर चाक फिरू लागलं. फिरलं, थांबलं, पुन्हा फिरलं. मग नोंदणी क्रमांक आला. काका स्ट्रेचरवर आडवे होऊन आत गेलेसुद्धा.

बाईंनी खण बंद केला.

"अडलं नाही," त्या तक्रारीच्या सुरात म्हणाल्या.

प्रोग्रामरने भिंत धरली.

"अहो, पांढरेफटक पडलात की! बसा आधी तिथे." बाईंची बोटं तोवर कीबोर्डवर पोचली होती. "हं, काय होतंय?"

"काही नाही," तो बाकावर टेकत म्हणाला. "सुटल्यासारखं वाटतंय."

बाईंनी तेच टाइप केलं आणि एकदा वाचून पाहिलं.

"याला आमच्याकडे औषध नाही," त्या म्हणाल्या, आणि खिडकीतून डोकावून त्यांनी हाक दिली, "चला, पुढे कोण आहे?"