पणजीचं नाव

बायको सुनीती गेल्याचं हॉस्पिटलने फोनवर कळवलं, तेव्हा भर लॉकडाउनमध्ये मुरलीधर शाळेच्या झूम मीटिंगमध्ये तावातावाने भांडत होता, "सिडनीत वाढणाऱ्या आमच्या मुलांना त्यांची मुळं शाळेनेच शिकवायला हवीत!"

बाराव्याच्या विधीला पुण्याचे गुरुजीही झूमवरच आले. म्हणाले, "सुनीतीताईंच्या आधी तुमच्या घरातून गेलेल्या बायकांची नावं सांगा. आई, आजी, पणजी."

मुरलीधरची गाडी आजीपाशी अडली.

शेजारी बसलेली लेक कौमुदी कुजबुजली, "बाबा, शाळेत विचारू का?"

"गप गं," म्हणत त्याने माइक बंद केला आणि सवयीने स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक मारली, "सुनीती, माझ्या पणजीचं नाव काय गं?"


ते नाव सांगायचं अजून राहिलंय.