डावा कप, उजवा कप

"तुझ्या काकाला सांग, कॉफी प्यायची असते. नुसती बघत बसायची नसते," थोरले म्हणाले.

"तुझ्या बाबांना सांग, वाफ जरा निवल्याशिवाय चव कळत नाही," धाकटे म्हणाले.

दोघांमध्ये हातभर रुंदीचं टेबल होतं. थोरल्यांच्या लेकीनं नेहमीसारखे निरोप पोचवले नाहीत. आज तिचं काळीज भिंतीपलीकडच्या गिरणीपेक्षा जोरात धडधडत होतं.

आजोबांनी उभा डोंगर खणून कॉफी लावली होती. ते गेल्यावर उगवतीचा उतार थोरल्यांकडे आला, मावळतीचा धाकट्यांकडे. बांधावरून वाजलं आणि भावाभावांतलं बोलणंच खुंटलं. कॉफी सोलायची गिरणी तेवढी कापून वाटता येईना, म्हणून ती सामाईक राहिली. लेक ती चालवायची, आणि दोघांची तोंडंही.

आणि काल फोन आला होता. शहरातल्या नावाजलेल्या कॉफीवाल्यांचा! आजवर यांचा माल व्यापाऱ्याच्या पोत्यात दहाजणांच्या मालात मिसळून जायचा. पसंत पडला तर आता पाकिटावर घराण्याचं नाव छापून येणार होतं. फक्त एक अट होती: नमुना एकच पाठवायचा, सगळ्यात सरस. न्यायला गाडी निघालीसुद्धा होती.

कुणाचा पाठवायचा? सकाळपासून त्यावरच रणकंदन चाललं होतं, अर्थात तिच्यामार्फत. शेवटी तिनं दोन्ही उतारांची कॉफी सारखी भाजली, सारखी दळली आणि दोन कपांत ओतली; थोरल्यांच्या डाव्या हाताचा तो डावा, उजव्या हाताचा तो उजवा. कोणती कुणाची, ते तिलाच ठाऊक.

"आता प्या. आणि आपली ओळखा."

थोरल्यांनी चमच्यानं भुरका मारला. डावा कप, मग उजवा, मग पुन्हा डावा. त्यांचा चेहरा उजळला.

"डावी माझी! अगं, मधासारखी उतरतेय घशातून. हे सकाळचं ऊन आहे, ऊन!"

धाकट्यांनीही चाखून पाहिलं. "बरोबर. डावी त्यांचीच. उजवी माझी. वास घे जरा, फुललेल्या बागेत उभं राहिल्यासारखं वाटतं. अशी कॉफी या डोंगरात दुसरी नाही."

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघांचं एकमत झालं होतं. लेकीनं ओठ घट्ट मिटले. सांगावं की गिळून टाकावं? बाहेर गाडीचा हॉर्न वाजला, आणि तिच्या तोंडून निघूनच गेलं.

"बाबा, डावी काकांची आहे. उजवी तुमची."

थोरल्यांनी डावा कप पुन्हा उचलला. या खेपेला भुरका मारला नाही, सावकाश घोट घेतला. धाकट्यांनी उजवा कप दोन्ही हातांत धरून तळापर्यंत रिकामा केला.

मग थोरल्यांनी मान वर केली. त्यांनी लेकीकडे पाहिलंच नाही.

"तुझीच जाईल," ते म्हणाले.

"मुळीच नाही. तुझी जाईल, दादा."

"शहाणपणा करू नकोस! मी थोरला आहे. सांगतो ना तुझी जाईल म्हणून!"

"थोरला असशील तुझ्या घरी! ही चव सोडून माझी पाठवायची? वेड लागलंय का तुला?"

"वेड तुलाच लागलंय! लहानपणापासून हट्टी!"

टेबलावर मूठ आपटली. कप उडाले, चमचे खाली पडले. गाडीवाला दारातच थबकला. खळ्यावर कॉफी वाळत घालणारी काकू फावडं टाकून धावत आली.

"अगंबाई! भांडतायत की काय दोघं?"

लेकीचे डोळे भरून आले होते आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"हो काकू! एकमेकांशी!"