हट्टी मशीन

आगारातल्या हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर अक्का बसायच्या, आणि अक्कांच्या कॉम्प्युटरने दोन दिवस कॉम्प्युटरवालीच्या नाकी नऊ आणले होते.

बाकीची अकरा मशीनं तिच्या शब्दाबाहेर नव्हती. सुरू झाली की काय उघडायचं ते तळमजल्यावरच्या सर्व्हरला विचारायची, पडद्यावर तीन नावं यायची, जुनी व्यवस्था, नवी व्यवस्था, दुरुस्ती, आणि जो आकडा दाबावा ते उघडायचं. अक्कांचं मशीन मात्र ऐकेल तर शपथ. एक दाबा, दोन दाबा, तीन दाबा, उघडणार जुनीच, ठसठशीत अक्षरांची. नवीची अक्षरं मुंगीएवढी, आणि ती मोठी करायची सोय ठेवायला करणारे विसरले होते. साहेबांचा हुकूम होता की संध्याकाळपर्यंत सगळीकडे नवी हवी. जिला जमणार नाही तिने खिडकी सोडावी. अक्कांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

"वायर बदलून बघितलीस?" अक्कांनी विचारलं. त्या एका छत्रीची मूठ चाचपत होत्या. "ही परवाचीच. मुठीवर दातांच्या खुणा आहेत."

"वायर बदलली, कीबोर्ड बदलला. आता मीच बदलायची राहिलेय, अक्का."

ती खाली गेली आणि सर्व्हरवरची एकेक यादी वाचत बसली. अकरा मशीनांना मिळून एक यादी होती. अक्कांच्या मशीनची वेगळी होती, आणि सर्व्हर आधी तीच वाचत होता. तिच्यात तिन्ही नावं नीट लिहिलेली. तिन्हींपुढे पत्ता मात्र एकच, जुन्या व्यवस्थेचा. वर एक ओळ होती: 'अक्कांना बारीक दिसत नाही. कुठे बोलायचं नाही. त्या निवृत्त होईपर्यंत हात लावू नये.'

ओळ दादांची होती. तिला हे काम शिकवून ते गेल्या वर्षीच निवृत्त झाले होते. एका चुकलेल्या स्वल्पविरामासाठी तासभर झापणारा माणूस, आणि त्याने जाणूनबुजून ही चूक करून ठेवली होती. तिला दादांची फार आठवण आली. तिने यादी होती तशी बंद केली.

वर येऊन तिने अक्कांसमोरच साहेबांना फोन लावला.

"साहेब, या मशीनला नवी झेपत नाही. सात महिने असंच चालवावं लागेल." पलीकडचं बरंच ऐकून घेऊन ती म्हणाली, "हो. जबाबदारी माझी."

ती वायरी गुंडाळायला लागली. अक्कांनी मशीन पुन्हा सुरू केलं. तीन नावं आली. अक्कांनी चष्मा सारखा केला, पुढे वाकून बराच वेळ विचार केला आणि तीन दाबला. मोठी अक्षरं उमटली.

"सात महिने," अक्का तिच्याकडे न बघता म्हणाल्या. "म्हणजे तुलाही कळलं तर."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पहिल्याच आठवड्यात. काहीही दाबलं तरी हेच येतं."

"मग दाबताना एवढा विचार कसला करता?"

अक्कांनी छत्रीला चिठ्ठी बांधली.

"दादांनी एका खोलीला तीन दारं करून दिलीत गं. मी रोज एकाच दाराने गेले, तर त्यांच्या मेहनतीचं चीज कसं व्हायचं?"