विहिणीचा मान

सोफ्यावर एकटे वसंतराव बसले होते. बाकी सगळे उभे.

शास्त्री नगरातल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरात खुर्च्यांना तोटा नव्हता. पण शशिकांत आणि शकुंतलाबाई मुलीकडचे म्हणून उभे होते, आणि नुकतेच दारातून आत आलेले सुखदेव आणि रत्नमालाबाईही मुलीकडचे म्हणूनच उभे होते. आधी तुम्ही बसा, छे छे आधी तुम्ही, असं चाललं होतं. उद्या सकाळी गच्चीवर त्यांच्या मुलींचं, कादंबरीचं आणि सुवर्णाचं, एकमेकींशी लग्न होतं. मुलाकडचं असं त्या घरात कुणी नव्हतंच.

वसंतराव या हिंदी मुलखातल्या शहरातल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. मंडळानं या लग्नाला हॉल नाकारला होता, आणि विवाह म्हणजे स्त्री आणि पुरुष यांचाच, असा ठराव करून तो हिंदी पेपरात छापूनही आणला होता. आज ते शेवटचं समजवायला आले होते. समजावून झालं, चहा झाला, तरी उठायचं नाव घेत नव्हते.

"बघा," ते म्हणाले, "आधी कुणी बसायचं हेसुद्धा तुमचं ठरत नाही. कोर्टानं हात वर केले, गुरुजी येत नाहीत. वहिनी, तुम्ही तर रोज देवाचं करणाऱ्या. ज्याला नवरदेव नाही त्याला लग्न म्हणवतं तरी कसं तुम्हाला?"

शकुंतलाबाईंना ते झोंबलं, कारण गेले कित्येक दिवस पूजेला बसल्या की त्या स्वतःच देवाला हे विचारत होत्या. लेक सुखी होती, सुवर्णा गुणाची होती, याबद्दल त्यांच्या मनात काही नव्हतं. पण नुसते हार घालून टाळ्या वाजवणं त्यांना नको होतं. लेकीचं लग्न रीतीनं लागलं, असं त्यांना देवाला तोंड वर करून सांगायचं होतं. मंत्र त्यांना येत नव्हते. रीत मात्र एक येत होती, आणि तिला कुणाची परवानगी लागत नव्हती.

त्या आत गेल्या आणि पाट, परात आणि देवघरातला चांदीचा तांब्या भरून घेऊन आल्या. त्या तांब्याला घरात कधी कुणी तोंड लावत नसे. पूजेसाठी काढायचा, पुसून परत ठेवायचा.

"रत्नमालाताई, या, बसा पाटावर. लग्नाच्या आदल्या दिवशी विहिणीचे पाय धुतल्याशिवाय आमच्यात लग्न उभं राहत नाही."

"अहो, पण पाय धुवायचे ते मुलाच्या आईचे!" वसंतराव हसले. "इथं दोघी मुलींच्याच आया."

"मान घ्यायला लोक भांडतात, भावजी. द्यायला कशाला भांडायचं?" असं म्हणून शकुंतलाबाई परातीपुढे खाली बसल्या. बसताना गुडघा कुरकुरला, तिकडे त्यांनी लक्ष दिलं नाही.

रत्नमालाबाईंनी पाय मागे घेतले.

"झाला सुरू विहिणीचा रुसवा!" वसंतराव म्हणाले.

शकुंतलाबाईंचा चेहरा उतरला. "माझं काही चुकलं का?"

"आई, मतलब... त्यांच्याकडे हे नसतं," सुवर्णाजवळ उभी असलेली कादंबरी हळूच म्हणाली. "ते बौद्ध आहेत ना."

"मग काय असतं? ते सांगा. मी ते करीन." एवढी एकच रीत हातात होती, तीही निसटत चालली होती.

रत्नमालाबाई पाटावर बसल्या नाहीत. परातीच्या पलीकडे, शकुंतलाबाईंच्या समोर, फरशीवर मांडी घालून बसल्या.

"नाही जी ताई, काहीच नाही चुकलं. तुम्ही वाकल्या, मला सगळं पावलं. पण माझी आजी गावच्या विहिरीपाशी ओंजळ धरून उभी राहायची, कोणी वरून पाणी घालीन म्हणून. आमच्या घरात वाकणं लय झालं. आता आपल्या दोघींत कोणीच वाकायचं नाही." त्यांनी तांब्याकडे हात पुढे केला. "पायावर कायले सांडता? तहान लागली आहे, प्यायला द्या."

शकुंतलाबाईंनी तांब्या दिला. रत्नमालाबाई तो तोंडाला लावून घटाघटा प्यायल्या. त्यांना बिचाऱ्यांना त्या तांब्याचं काय माहीत! शशिकांतनी बायकोकडे पाहिलं आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागले. कादंबरीनं सुवर्णाचा हात घट्ट धरला.

निम्मं पाणी उरलं होतं. शकुंतलाबाईंनी तांब्या परत घेतला, क्षणभर दोन्ही हातांत धरला आणि तसाच तोंडाला लावला. पाणी गार होतं. इतके दिवस देवाला विचारत होत्या ते आता विचारायचं उरलं नाही, आणि त्यांना एकदम हसू आलं. समोर रत्नमालाबाईही हसत होत्या. मग दोन्ही मुली आयांच्या मध्ये येऊन बसल्या, आणि सुखदेवही विजार सावरत खाली बसले.

वसंतराव अखेर उठले. "म्हणजे झालं म्हणायचं का लग्न?" त्यांनी दारात चपला शोधत विचारलं.

"मुलींचं उद्या आहे," शकुंतलाबाई पदरानं ओठ पुसत म्हणाल्या. "आमचं झालं."