ठमीची साक्ष

"आठ दिवसांत येतेच घरी," पिशवीत टॉवेल कोंबता कोंबता शरयू म्हणाली आणि नेमकी तेव्हाच घड्याळामागे पाल चुकचुकली. शरयूने टेबलावर बोटाने तीनदा टकटक केलं. "कृष्ण, कृष्ण. ऐकलंत ना? ठमी म्हणतेय, खरं आहे."

मूलबाळ नसलेल्या घरात तिने ही पाल पाळली होती. बाटलीच्या झाकणात पाणी ठेवायची, दिवेलागणीला पिकल्या केळ्याचा चिमूटभर गर. सुरुवातीला झाडू घेऊन धावणारे मुकुंदरावही पुढे 'ठमी जेवली का' विचारू लागले होते. ती चुकचुकली की बोललेलं खरं होतं, हे मात्र त्यांना कधी पटलं नाही. "अगं, पाल ती," म्हणून ते हसायचे. त्या दिवशी हसले नाहीत. दवाखान्याची पिशवी उचलताना त्यांनी घड्याळाकडे बघून हळूच हात जोडले.

ऑपरेशननंतर शरयू शुद्धीवर आलीच नाही. आठव्या दिवशी तिला घरी आणलं ते अंत्यदर्शनापुरतं, तासाभरासाठी.

तेराव्याचं जेवण उरकून पाहुणे गेले, तसा मुकुंदरावांनी झाडू उचलला आणि घड्याळ बाजूला सारलं. ठमी पळाली नाही. तिच्या झाकणातलं पाणी केव्हाच आटलं होतं. उगारलेला हात आपसूक खाली आला. त्यांनी झाकण भरलं, केळं सोललं, शेजारी चिमूटभर गर ठेवला.

मग तिच्याकडे बघत म्हणाले, "शरयू येईल परत."

आणि टेबलावर बोट टेकवून ते वाट बघत बसले.